लोअर केलेल्या गाडीला ॲडजस्टेबल लिंक रॉड: मुंबईत हे काम करून घेतानाचा अनुभव

तुमची गाडी लोअर केलेली (आखूड स्प्रिंगा टाकून खाली आणलेली) असेल, पुढून टक-टक आवाज येत असेल आणि प्रत्येक गॅरेजमध्ये वेगळंच कारण ऐकायला मिळत असेल, तर हे सगळं तुमच्यासाठी लिहितोय. ॲडजस्टेबल, म्हणजे लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या, लिंक रॉड (गाडी कलू न देणारा आडवा स्टॅबिलायझर रॉड चाकाकडच्या भागाला जोडणाऱ्या छोट्या दांड्या) बसवायचं माझं काम सप्टेंबर २०२५ च्या शेवटी सुरू झालं आणि जानेवारीच्या मध्यावर खऱ्या अर्थाने संपलं. प्रत्यक्ष पाना लावायचं काम एका दुपारचं होतं, बाकी सगळा वेळ शोधण्यात, मोजण्यात आणि पार्सलची वाट बघण्यात गेला.

गाडी सेकंड हॅंड घेतलेली आहे, पेट्रोल सेडान, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारी आडवी बीम). मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की लोक माझे आकडे उचलून आपल्या गाडीला लावतील, आणि या कामात दुसऱ्याचा आकडा उपयोगाचा नसतो हेच मला सांगायचंय. मागच्या मालकाने लोअरिंग स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे आखूड शॉकअप टाकले होते, कंपनीच्या मूळ स्प्रिंगा मात्र जपून ठेवल्या होत्या आणि व्यवहाराच्या वेळी डिकीत टाकून दिल्या. तुम्हीही अशी गाडी घेत असाल तर मूळ पार्ट मागून घ्या, पुढे इन्शुरन्सपासून विक्रीपर्यंत सगळीकडे कामाला येतात.

आवाज पाऊस ओसरता ओसरता सुरू झाला. भांडुपला एलबीएस रोडवर जिथे पेव्हर ब्लॉक बसवलेत तिथून हळू जाताना, किंवा चेंबरच्या झाकणावरून एकच चाक गेलं की डावीकडून टक. हायवेला काही नाही, मोठ्या स्पीड ब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली तरी काही नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण एकाच चाकाला धक्का बसल्यावर येणारा आवाज आणि दोन्ही चाकं एकत्र उचलल्यावर न येणारा आवाज ही स्टॅबिलायझरकडे बोट दाखवणारी खूण आहे. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, मला फक्त भीती वाटत होती. बायको याच गाडीने ऐरोली पुलावरून ऑफिसला जाते आणि येताना मुलीला क्लासमधून घेते. पुढून काहीतरी सुटलं तर, हा विचार त्या दिवसांत डोक्यातून जात नव्हता.

पहिल्या गॅरेजने दोन्ही शॉकअप गेलेत म्हणून अठ्ठावीस हजारांचं एस्टिमेट दिलं, दुसऱ्याने लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) बुशसकट बदला म्हटलं, तिसऱ्याने लोअर गाडी म्हटल्यावर हातच लावला नाही. शेवटी ऑफिसातल्या एकाने मुलुंड चेकनाक्याजवळच्या एका जुन्या मेकॅनिककडे पाठवलं. वय साठच्या पुढे, छोटंसं गॅरेज, पण खाली पिट (गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा) होता आणि माणसाला घाई नव्हती. मी त्यांना काका म्हणतो, इथेही तसंच लिहितो.

काकांनी गाडी पिटवर घेतली, मला वरून डाव्या फेंडरवर जोर देऊन गाडी हलवायला सांगितली आणि स्वतः खाली उतरून लिंक रॉडच्या जॉइंटवर बोटं ठेवून उभे राहिले. "हलव अजून. हा बघ, इथे ठोकतोय." मग मला खाली बोलावून माझीच बोटं तिथे ठेवली. बॉल जॉइंटमध्ये ठोका स्पष्ट जाणवत होता, रबर बूट फाटून आत चिखल गेलेला. चाकं जमिनीवर, गाडीचा भार चाकांवर आणि मग हलवायचं, हे महत्त्वाचं. जॅकवर चाक लटकत असताना लिंकवर एकाच दिशेने जोर असतो, तेव्हा खराब जॉइंटसुद्धा घट्ट वाटू शकतो आणि तपासणारा हा ठीक आहे म्हणून पुढे जातो.

खात्री करायला त्यांनी दोन्ही बाजूच्या लिंका काढल्या, स्टॅबिलायझर रॉडची टोकं कुठे लागू नयेत म्हणून तारेने बांधली आणि गल्लीतल्या गल्लीत अगदी हळू एक चक्कर मारली. आवाज पूर्ण गायब. वळताना गाडी जास्त कलत होती, म्हणून हे फक्त तपासणीपुरतं, असं मुख्य रस्त्यावर चालवायचं नाही.

मी म्हटलं, मग नवीन लिंका टाकून मोकळे होऊ, कंपनीच्या लिंका महाग नाहीत. काका म्हणाले, "टाकतो मी, पण वर्षभरात परत येशील. वर बघ." टॉर्च मारली तर स्टॅबिलायझर रॉडच्या टोकाजवळचा भाग जिथे चासीच्या रेलखालून (बॉडीखालच्या लांबट लोखंडी पट्टीखालून) जातो तिथे रंग उडून धातू चकचकीत झाला होता, आणि वर रेलच्या कडेलाही तशीच खूण. म्हणजे लिंकचा जॉइंट झिजला होताच, शिवाय मोठ्या खड्ड्यात रॉड वर जाऊन रेलला लागत होता. आणि लिंकही तिरकी उभी होती, वरचा बॉल त्याच्या हालचालीच्या शेवटापर्यंत कललेला. नवीन लिंक त्याच कोनात बसवली तर तीही लवकर संपणार.

स्टॅबिलायझर रॉड म्हणजे गाडीच्या आडव्या दिशेने जाणारा स्प्रिंग स्टीलचा रॉड. मधला भाग सबफ्रेमवर (इंजिनाखालच्या चौकटीवर) रबरी बुशमध्ये फिरतो, दोन्ही टोकं लिंकने दोन्ही बाजूच्या स्ट्रटला जोडलेली. दोन्ही चाकं एकदम वर गेली की रॉड नुसता बुशमध्ये फिरतो, काही जोर लावत नाही. एक चाक वर गेलं, किंवा वळणावर गाडी एका अंगाला कलली, की रॉडला ओल्या कपड्यासारखा पीळ पडतो आणि तो पीळ गाडीला सरळ ठेवतो. गाडी लोअर केली म्हणजे बॉडीच्या तुलनेत दोन्ही चाकं आणि स्ट्रट कायमचे वर आले. लिंकची लांबी तीच, त्यामुळे स्ट्रट रॉडच्या टोकालाही सोबत वर घेऊन येतो. त्यात लोअरिंग किटमधले बंप स्टॉप (चाक फार वर जाऊ नये म्हणून असलेले रबरी अडसर) आखूड असतात, म्हणजे खड्ड्यात चाक मूळ गाडीपेक्षा आणखी वर जाऊ शकतं, आणि माझ्या बाबतीत तिथेच रेल आडवी येत होती.

आता यातला सगळ्यात गोंधळाचा भाग. ज्याला विचारावं तो म्हणतो लोअर गाडीला आखूड लिंक लागते. हे काही गाड्यांत बरोबर आहे, काहींत उलटं. लिंकचं खालचं टोक लोअर आर्मला आणि वरचं रॉडला असेल, तर लोअर केल्यावर आर्म वर येतो आणि रॉडला मूळ जागी ठेवायला लिंक आखूड लागते. पण लिंक स्ट्रटला जोडलेली असेल आणि रॉडचं टोक तिच्या खाली असेल, तर स्ट्रट वर गेल्यावर रॉडला मूळ जागी खाली ठेवायला लिंक लांब लागते. यात अजून एक फाटा आहे. काही गाड्यांत रॉड ड्राईव्ह शाफ्टच्या (चाकाला इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या) वरून जातो आणि लोअर केल्यावर शाफ्ट त्याला खालून घासतो, तिथे स्ट्रटवरची लिंक असूनही लोक आखूड लिंक टाकून रॉड वर उचलतात. म्हणून आधी खाली झोपून बघा की घासल्याची खूण नक्की कुठे आहे, रॉडच्या वर की खाली. हे न बघता लिंक मागवू नका. माझी खूण वरच्या बाजूला होती, लिंक स्ट्रटला होती, म्हणजे मला लांब लिंक हवी होती, आणि बाजारात जो तो मला आखूड विकायला निघाला होता.

किती लांब हे ठरवायला आमच्याच सोसायटीतली, हेच मॉडेल, काही न बदललेली गाडी कामी आली. शेजारच्या दादांना विचारून एका रविवारी दोन्ही गाड्या पोडियम पार्किंगमध्ये शेजारी लावल्या. फरशी सपाट आहे का ते बघायला मामांकडून गवंडीकामातली पाणसाळ आणली होती, आणि दिसायला एकदम सपाट वाटणाऱ्या त्या जागेला चांगलाच उतार निघाला, पाणी वाहून जायला ठेवलेला. मग सपाट भाग शोधून तिथे एकेक गाडी आणली, टायरमध्ये सारखी हवा, आणि चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपने मोजलं. जमिनीपासून मोजू नका, टायरची साईझ आणि हवा मधे येते. माझी गाडी पुढून ३४ मिलिमीटर खाली होती. शिवाय दादांनी त्यांच्या गाडीखाली डोकावून मूळ कोन कसा दिसतो त्याचे फोटोही काढू दिले, त्या फोटोंचा पुढे फार उपयोग झाला.

मग पार्टचा शोध. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत ऑक्टोबरमध्ये फिरलो, कंपनीच्या लांबीच्या लिंका सगळीकडे होत्या, ॲडजस्टेबल म्हटलं की ऑर्डरवर मागवून देतो पण ब्रँड आणि लांबीची खात्री नाही. एका दुकानदाराने मनापासून सांगितलं की साध्याच घ्या, २२ सप्टेंबरपासून ऑटो पार्ट्सवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, स्वस्तात पडेल. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एकाने जुन्या लिंका कापून मधे थ्रेडेड रॉड वेल्ड करून देतो म्हटलं. हे कृपा करून करू नका. या पार्टवर वर्षानुवर्षं उलटसुलट जोर येतो, वेल्डच्या शेजारचा धातू तिथेच तडकतो, आणि तुटलेलं टोक चाकात किंवा ब्रेकच्या होजवर (तेलाच्या रबरी नळीवर) जाऊ शकतं.

ॲडजस्टेबल लिंकांत मुख्य दोन प्रकार दिसले. एकात दोन्ही टोकांना उघडे रॉड एंड असतात, रेसवाल्या गाड्यांत दिसतात तसे. हलके, अचूक, पण बूट नसतो, त्यामुळे मुंबईच्या पावसात चिखल थेट जॉइंटमध्ये जातो आणि लवकर खडखडायला लागतात. दुसऱ्यात टोकांना रबर बूट असलेले ग्रीस भरलेले बॉल जॉइंट असतात आणि मधे षटकोनी बॉडी, एका टोकाला सरळ आटे, दुसऱ्याला उलटे, बॉडी फिरवली की लिंक न काढता लांबी कमी-जास्त होते. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला दुसराच प्रकार घ्यावा असं माझं ठाम मत आहे. घेताना तीन गोष्टी बघा: बोल्टची जाडी आणि आटे तुमच्या गाडीचेच आहेत ना, तुम्हाला हवी ती लांबी रेंजच्या मधे कुठेतरी येते ना, आणि टोकाला नेल्यावरही आत पुरेसे आटे उरतात ना. रेंजच्या अगदी शेवटाला बसणारी लिंक घेऊ नका.

शेवटी इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडून टपालाने मागवल्या. जोडी ₹७,९००, पाठवण्याचा खर्च ₹२,३००. दिवाळीनंतर ऑर्डर दिली, पार्सल मुंबईत लवकर पोचलं आणि मग ट्रॅकिंगवर कस्टम्स एवढंच दिसत राहिलं. बॅलार्ड इस्टेटला विदेश डाक भवन आहे, बाहेरून टपालाने येणारी पार्सलं तिथे तपासली जातात. घरी पत्र आलं: इनव्हॉइस, पैसे भरल्याचा पुरावा, ओळखपत्र आणि वस्तू कशासाठी हे लिहून द्या. मी बँक स्टेटमेंटचं ते एक पान, आधारची झेरॉक्स सही करून आणि विक्रेत्याच्या पानाची प्रिंट जोडली, सोबत चार ओळींचं पत्र की स्वतःच्या गाडीसाठी एक जोडी, विक्रीसाठी नाही. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की पार्सलच्या बाहेर इनव्हॉइस चिकटव आणि वस्तूचं वर्णन स्पष्ट लिही, नुसतं पार्ट्स लिहिलेलं असलं की प्रश्न येतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोस्टमन दादा पार्सल घेऊन दारात आले, ड्यूटी त्यांच्याकडेच भरली, चार हजारांच्या आसपास. म्हणजे ₹७,९०० ची जोडी हातात पडेपर्यंत चौदा हजारांवर गेली. बजेट करताना हे धरूनच चाला, नाहीतर शेवटी फार लागतं.

या वाट बघण्याच्या काळात कागदांचं काम केलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचलं, कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी गाडी करण्यावर त्यात बंधन आहे. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही हेच कडक शब्दांत सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीबाहेर बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हे वाचून दोन रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो. मूळ स्प्रिंगा परत टाकून द्याव्यात हा विचारही तेव्हाच गंभीरपणे केला. पण त्या टाकायच्या तर शॉकअपही मूळ उंचीचे लागणार, तो खर्च आत्ता झेपणारा नव्हता. म्हणून ठरवलं की काहीही लपवायचं नाही. इन्शुरन्स कंपनीला ईमेल केला, स्प्रिंगा, शॉकअप आणि येणाऱ्या लिंका सगळं लिहून, फोटो आणि बिलं जोडून, आणि विचारलं की पॉलिसीत याची नोंद कशी होईल. त्यांनी काम झाल्यावर गाडीची तपासणी करू असं कळवलं. फोनवर एजंट काहीही म्हणाला तरी ईमेलवर लेखी घ्या, अपघातानंतर फक्त तेवढंच उरतं.

हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीटला गेलो. लिंकचा नट सोडवताना मधला बॉलचा बोल्ट नटासोबत फिरायला लागतो, तो धरून ठेवायला टोकाला ॲलन कीचं भोक असतं किंवा बुटाच्या मागे पाना लावायला चपट्या कडा. नेहमीचा पाना तिथे शिरत नाही, पातळ पाना लागतो. दोन पातळ पाने, चांगल्या स्टीलच्या ॲलन की आणि गंज सोडवायचा स्प्रे, सगळं मिळून ₹९५० झाले. स्वस्त ॲलन की घेऊ नका, गंजलेल्या बोल्टात तिच्या कडा गोल होतात आणि मग कटर लावल्याशिवाय गत्यंतर नसतं. टॉर्क रेंच माझ्या मेव्हण्याने दिला.

आता काम कुठे करायचं हा प्रश्न होता, आणि माझ्या मते या सगळ्या लिखाणातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे. ॲडजस्टेबल लिंकची लांबी गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच ठरवायची असते. दोन खांबांच्या लिफ्टवर चाकं लटकतात, रॉड खाली ओढला जातो, तिथे लावलेली लांबी गाडी खाली आल्यावर चुकीची निघते. पिटमध्ये चाकांवर भार असतो पण काकांच्या पिटची जमीन सपाट नव्हती, आम्ही पाणसाळ लावून बघितली. मग काकांनीच सुचवलं, ओळखीच्या व्हील अलाइनमेंटवाल्याचा रॅम्प घेऊ. तो रॅम्प लेव्हल केलेला असतो, गाडी चाकांवरच चढते आणि खाली उभं राहून काम करता येतं. दुपारी दोन ते चार त्यांच्याकडे गिऱ्हाईक कमी असतं, मधल्या वारी तासाला ₹५०० मध्ये त्यांनी तो दिला. तुमच्या भागातही विचारून बघा, नीट बोललं तर देतात.

डिसेंबरच्या मध्यावर एका बुधवारी काम झालं. आदल्या दोन रात्री सोसायटीतच नटांवर स्प्रे मारून ठेवला होता, आटे आधी वायर ब्रशने साफ करून. त्यामुळे उजवीकडचे नट सहज आले. डावीकडचा खालचा नट अडला, काकांनी ॲलन कीवर फार जोर न देता आधी नट किंचित घट्ट केला, मग सैल, परत घट्ट, असं मागेपुढे करत काढला. जुन्या लिंका काढताना गाडी पुढून दोन्ही बाजूंनी सारखी उचललेली होती आणि खाली घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावल्या होत्या. एकच बाजू उचलली तर रॉडला पीळ राहतो आणि शेवटचा नट सुटताना लिंक झटक्याने उडू शकते, हाताला लागेल. नुसत्या जॅकवर कधीही खाली जाऊ नका.

नवीन लिंका टेबलावर ठेवून बॉलच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजल्या. जुनी २७० मिलिमीटर होती. ३४ मिलिमीटरने गाडी खाली, म्हणजे हिशेबाने ३०४ यायला हवी, पण काकांनी सुरुवात २९० पासून करायला लावली. कारण चाक पूर्ण लटकलं की लांब लिंक रॉडला मूळपेक्षा तेवढीच जास्त खाली ढकलते, आणि खाली ड्राईव्ह शाफ्ट आहे. वर रेल, खाली शाफ्ट, दोन्हींपासून पुरेसं अंतर राहील अशीच लांबी हवी. दोन्ही लिंका २९० वर लावल्या, डावी बाजू पूर्ण जोडली, उजवीकडे फक्त वरचं टोक, खालचं मोकळं. गाडी खाली घेतली, चाकं मोकळी व्हावीत म्हणून हाताने पुढेमागे ढकलली (जॅकवरून उतरल्या उतरल्या टायर आतल्या बाजूला ओढलेले असतात आणि गाडी थोडी उंच उभी राहते), स्टिअरिंग सरळ, ड्रायव्हर सीटवर मी बसलो. काका खालून उजवी लिंक फिरवत राहिले, जोपर्यंत खालचा बोल्ट रॉडच्या भोकात बोटाने, काहीही न ढकलता, शिरत नाही तोपर्यंत. तो क्षण आला की रॉडमध्ये काही पीळ नाही.

मोजलं तर उजवी लिंक डावीपेक्षा ३ मिलिमीटर जास्त निघाली. मी म्हटलं, काका, दोन्ही सारख्या करायला नकोत का. ते म्हणाले, "टेप सारखी करून काय करशील, गाडी डाव्या-उजव्या बाजूला सारखी असते का? बोल्ट आपणहून शिरला पाहिजे." वर्षानुवर्षं खड्ड्यांत चाललेल्या गाडीच्या स्प्रिंगा, बुश सगळं थोडं वेगवेगळं बसलेलं असतं. टेपने सारखी लांबी लावली असती तर रॉड कायम थोडा पिळलेला राहिला असता, एका चाकावर जास्त भार आणि समोरच्यावर कमी, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना तो फरक जाणवतो.

मग तपासणी. पुन्हा दोन्ही बाजू सारख्या उचलून चाकं पूर्ण लटकवली, रॉड आणि शाफ्टमध्ये दोन बोटं जातील एवढी जागा होती. नंतर दोन्ही लोअर आर्मखाली जॅक लावून गाडी घोडीवरून जेमतेम उचलेपर्यंत दाबलं, रेलपासून आता एक बोट मोकळं होतं, आधी इथे धातू घासत होता. दोन्ही अवस्थांत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून टायरॉड (स्टिअरिंगचा चाकाला जोडलेला दांडा) आणि ब्रेकचा होज कुठे लागत नाही ना तेही बघितलं. शेवटी लॉक नट, म्हणजे लावलेली लांबी पक्की धरणारे नट. ते घट्ट करताना लिंकची बॉडी आणि दोन्ही जॉइंट पान्याने धरून ठेवावे लागतात, नाहीतर जॉइंट फिरून एका कडेला जातो आणि बॉलला दोन्हीकडे सारखी हालचाल उरत नाही. एका टोकाचे आटे उलटे आहेत हे विसरू नका, तिथला लॉक नट उलट दिशेने घट्ट होतो. बॉलचे नट नवीन नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे), गाडी जमिनीवर असताना, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. सगळ्या नटांवर पांढऱ्या पेंटमार्करने एक रेघ नटावरून बॉडीवर ओढली, नट हलला तर रेघ तुटलेली दिसते.

लिंक बदलल्याने अलाइनमेंट बदलत नाही, पण रॅम्पवर होतोच आणि लोअर गाडीत टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) मुळात बिघडलेला असू शकतो म्हणून तपासून घेतली, थोडी करावी लागली, ₹८००. काकांनी दोन्ही दिवसांचे मिळून ₹१,८०० घेतले आणि जास्त घ्यायला तयार झाले नाहीत.

संध्याकाळी मुद्दाम एलबीएसने घरी आलो, त्याच पेव्हर ब्लॉकवरून, काच खाली करून. काही नाही. मग पुढच्या शनिवारी घोडबंदर रोडला नेली, वळणावर गाडी एकसारखी वळते, आधी डावीकडे वळताना आणि उजवीकडे वळताना वेगळी वाटायची ते गेलं. बायकोने चालवून बघितली आणि फक्त म्हणाली, आता गाडी एकदम सरळ वाटते. माझ्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं, कारण रोज तीच चालवते.

दोनेकशे किलोमीटर झाल्यावर परत काकांकडे नेली. एक लॉक नट किंचित हलला होता, रेघ जरा सरकलेली, तो परत घट्ट केला आणि नवीन रेघ मारली. नवीन लिंकेला हे एकदा करावंच लागतं, टाळू नका. आटे उघडे असतात त्यांवर जाड ग्रीस लावलं, खाऱ्या हवेत आणि पावसात ते नाही लावलं तर दोन वर्षांनी लांबी बदलायची म्हटलं तरी बॉडी फिरणार नाही.

जानेवारीत इन्शुरन्सचा माणूस आला, खालून फोटो काढले, बिलं बघितली, मूळ स्प्रिंगा आणि जुन्या लिंका कुठे आहेत विचारलं, त्या दाखवल्या. महिन्याच्या मध्यावर पॉलिसीला जोडायचं एंडॉर्समेंट ईमेलने आलं, बदललेल्या पार्टची यादी आणि थोडा जास्त प्रीमियम. त्याची प्रिंट, सगळी बिलं, कस्टम्सची पावती आणि अलाइनमेंटचा रिपोर्ट एका फोल्डरमध्ये ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलाय. मूळ स्प्रिंगांना तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवल्यात. पुढच्या वर्षी शॉकअपचे पैसे जमले की त्या परत टाकायच्या की नाही हे तेव्हा ठरवू, पण टाकल्या तर लिंकांची लांबी परत रॅम्पवर, सीटवर माणूस बसवून, नव्याने लावावी लागेल. तुमच्या गाडीत लिंक कुठे जोडलीय आणि घासल्याची खूण वर आहे की खाली, एवढं फोटोसकट कळवलंत तर लांब की आखूड हे शोधायला जमेल तेवढी मदत नक्की करेन.